दिली म्हणू नये

आमच्या इमारतीच्या लिफ्टशेजारच्या फलकावर गेल्या शनिवारपासून एक सूचना लागली आहे. बी विंगमधील दुसऱ्या मजल्यावरील एका सभासदाने तिसऱ्या मजल्यावरील कुंडीतील वेलीची विनापरवाना छाटणी केल्याचे कॅमेऱ्यात आढळले असून, सदर सभासदाने सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असा तिचा मजकूर आहे. नाव लिहिलेले नाही, हा कार्यकारिणीचा सभ्यपणा. परंतु आमच्या मजल्यावरच्या तीन घरांपैकी एक वर्षभर कुलूपबंद आहे, दुसऱ्यातील आजी वॉकरशिवाय दारापर्यंतही येत नाहीत, तेव्हा उरतो तो मीच. बँकेच्या कॅश काउंटरवर मी २९ वर्षे काढली आणि परक्यांच्या नोटा मोजताना एका रुपयाचाही फरक कधी पडू दिला नाही. त्या माणसाकडे आता दूधवाल्याचा पोरगासुद्धा कुतूहलाने पाहतो.

प्रकरण मनी प्लांटचे आहे. नर्सरीतून दोनदा विकत आणलेला मनी प्लांट आमच्या घरात दोनदा मेला. पहिल्याला मी हौसेने गॅलरीत दुपारच्या उन्हात ठेवला आणि त्याची पाने पापडासारखी भाजून निघाली. दुसऱ्याला आत आणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. तेव्हा पाने एकामागून एक पिवळी पडली आणि शेवटी कुंडी उपडी केली तर मुळांच्या जागी तपकिरी चिखल निघाला. या वेलीला म्हणे उजेड हवा पण थेट ऊन नको, आणि वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणीही नको. थोडक्यात, तिच्याकडे बऱ्यापैकी दुर्लक्ष करावे लागते, आणि निवृत्त माणसाला नेमके तेवढेच जमत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते उत्तम जमते. काथ्या गुंडाळलेल्या पाइपावरून त्यांची वेल जिन्याच्या कोपऱ्यातून थेट छतापर्यंत गेली आहे, आणि वरची पाने पत्रावळीएवढी झाली आहेत. वेल खाली लोंबू द्यायची नाही, लक्ष्मी खाली उतरते, असे काकू सांगतात. लक्ष्मीचे मला ठाऊक नाही, पण ही वेल आधार धरून वर चढू लागली की पाने मोठी होतात आणि लोंबती ठेवली की लहान राहतात, हे खरेच आहे. कारण साफ चुकीचे असूनही निकाल बरोबर येणे, ही काकूंची खासियत आहे. पाणी म्हणाल तर आठवण झाली की तांदूळ धुतलेले.

मी सरळ जाऊन विचारले, "काकू, तुमच्या वेलीची एक काडी द्याल का?"

"छे! मनी प्लांट कुणी देतं का?" काकू दारातच उभ्या राहिल्या. "दिला की देणाऱ्याची लक्ष्मी जाते, आणि घेणाऱ्याकडे तो जगत नाही. तुम्ही दोन विकत आणलेत ना? जगले? चोरून न्या की."

"चोरून?"

"गुरुवारी चार ते साडेपाच माझं भजनी मंडळ असतं."

"पण तुम्हीच वेळ दिलीत, तर ती चोरी कशी राहील?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "मी काही बोललेच नाही. आणि तुम्ही काही ऐकलं नाहीत."

या वेलीचे मूळ गाव प्रशांत महासागरातले मोरेआ नावाचे बेट, आणि ते बेट ज्या द्वीपसमूहात आहे त्याचे नाव सोसायटी आयलंड्स. म्हणजे हिच्यामागे सोसायटीचे झेंगट जन्मापासूनच आहे. वनस्पतिशास्त्रात हिची नोंद १८८० साली झाली. कुळ आपल्या अळूचेच, म्हणून पान चावले तर घसा तसाच खाजतो. फक्त हिची फदफदे कोणी करत नाही. हिला फूल जवळजवळ कधीच येत नाही, कारण फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक हिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून कोणाची तरी फांदी कापल्याशिवाय ही वेल दुसऱ्या घरात जाऊच शकत नाही. असे असताना 'देऊ नये' हा नियम ज्याने काढला, त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचे आहे.

गुरुवारी सव्वाचारला भाजीच्या पिशवीत कात्री लपवून मी वर गेलो, आणि वेलीला हात लावतो न लावतो तोच दार उघडले.

"आज मंडळ नाही, पेटीवाल्या बाईंना ताप आहे," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही चालू द्या. मी डोळे मिटते."

आणि त्यांनी खरोखरच डोळे मिटले, हात जोडले आणि आरतीला उभे राहावे तशा त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. माझ्या हाताला घाम फुटला. जन्मातील पहिली चोरी, तीही मालकिणीच्या साक्षीने. त्यामुळे संकोचाने मी खालचे एक लहानसे पान तेवढे खुडले.

"नुसतं पान नका घेऊ," काकू मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "नुसत्या पानाची वेल होत नाही. पेर घ्या. पेरापाशी तपकिरी बोंड असतं बघा, तेच मूळ. त्याच्या खाली दोन बोटं सोडून कापा. आणि हिरवी फांदी नको, पिवळे शिंतोडे असलेली घ्या."

मी सांगितल्याप्रमाणे कापले. चांगली दोन पेरांची, तीन पानांची फांदी होती. ती पिशवीत ठेवता ठेवता आयुष्यभराच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "आभारी आहे हं, काकू."

काकूंनी खाडकन डोळे उघडले. "आभार मानलेत? अहो, झाली ना ती दिलेली! ठेवा ती परत. पुन्हा चोरा."

"परत कुठे ठेवू? कापली आहे!"

"कुंडीत खोचा. माझ्याकडे लागेल ती."

मी पहिली फांदी कुंडीत खोचली, काकूंनी पुन्हा डोळे मिटले, आणि ओठ घट्ट आवळून मी दुसरी कापली. वरच्या मजल्यावरून उतरणारा कुरिअरवाला जिन्यातच थबकला. डोळे मिटून हात जोडलेल्या म्हातारीसमोर कात्री घेऊन उभा असलेला गृहस्थ पाहून त्याने काय तर्क केला असेल, याचा विचार मी अजूनही टाळतो.

एवढ्यावर भागले असते. परंतु त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरी, काकू आणि मी एकत्र आलो, आणि काकूंनी पुरणपोळीची पाककृती सांगावी अशा आनंदाने जाहीर केले, "यांनी आज माझा मनी प्लांट चोरला!"

सेक्रेटरींनी ती तक्रार समजून रात्रीतच कॅमेऱ्याचे चित्रण तपासले. इथे मला एक विचारावेसे वाटते. जूनमध्ये वाहनतळातून माझ्या स्कूटरचा आरसा गेला, तेव्हा तीन अर्ज करूनही मला हेच सांगण्यात आले, की कॅमेऱ्याची तार उंदराने कुरतडली आहे. दुरुस्तीपोटी प्रत्येक सभासदाकडून २०० रुपये जमा झाले, त्यात माझेही होते. आरसा सापडला नाही. माझ्याच पैशांनी दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्याने पहिला चोर पकडला तो मी, आणि त्या चित्रणात काकू खांबाआड आल्यामुळे दिसतच नाहीत.

मी काकूंकडे गेलो आणि म्हणालो, सेक्रेटरींना एकदा सांगून टाका की फांदी तुमच्या संमतीने कापली.

"कसं सांगू हो?" काकूंच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "दिली म्हटलं की तुमची वेल सुकेल. तुमच्याच भल्यासाठी गप्प बसलेय मी."

खुलासा परवा द्यायचा आहे. कागदावर 'महोदय' एवढेच लिहून झाले आहे. ओट्याशेजारच्या खिडकीत, लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत फांदी उभी आहे आणि पेराच्या बोंडातून आज सकाळी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे मूळ बाहेर आलेले दिसले. सौभाग्यवतींनी बरणीतले पाणी बदलले, माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि बजावले, "काय लिहायचं ते लिहा, फक्त 'दिली' लिहू नका."