पगार गेला खराडीला, दंड राहिला हिंजवडीला

नोकरी बदलली की नव्या कंपनीतलं एचआर पहिल्याच आठवड्यात नव्या बँकेचा फॉर्म पुढे करतं. झिरो बॅलन्स, नवं कार्ड, सगळं फुकट. पुण्यात आयटीत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाच्या नावावर अशी तीन-चार खाती सहज निघतात. नव्या खात्याला काय चार्जेस लागतील याची चौकशी आपण दहा जणांकडे करतो. माझं स्पष्ट मत आहे की खिसा कापला जातो तो जुन्या खात्यात.

सॅलरी अकाउंटला मिनिमम बॅलन्सची अट नसते, ती दर महिन्याला पगार येतो म्हणून. पगार थांबला की बहुतेक बँका साधारण तीन महिने वाट बघतात आणि खातं साधं सेव्हिंग्ज करून टाकतात. मग अट लागू. मेसेज येतो, नाही असं नाही, पण लोनच्या ऑफरांच्या ढिगाऱ्यात तो वाचतो कोण? माझा भाचा हिंजवडी सोडून खराडीला लागला. जुन्या खात्यात काहीशे रुपये उरले होते, ते दंडात गेले. विषय संपला असं त्याने धरलं. पुढे इन्कम टॅक्सचा रिफंड त्याच खात्यात जमा झाला आणि बँकेने थकलेला दंड, वर १८ टक्के जीएसटी, असं आधी वळतं करून घेतलं. उरलेलं याला.

खात्यात पैसे नाहीत म्हणून पैसे कापायचे, हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार सरकारी बँकांनी पाच वर्षांत या दंडातून जवळपास साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले. हे कोणाच्या खात्यातून गेले असतील ते वेगळं सांगायला नको.

रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र १ एप्रिल २०१५ पासून आहे. बॅलन्स कमी पडला तर बँकेने आधी कळवायचं, भरायला किमान महिनाभर द्यायचा, दंड जेवढी तूट त्या प्रमाणातच लावायचा आणि नुसत्या दंडापायी सेव्हिंग्ज खातं उण्यात न्यायचं नाही. स्टेटमेंटमध्ये उणे आकडा दिसला तर शाखेत जाऊन भांडा, हक्काने.

आणखी एक. अट असते ती सरासरीची. रोज रात्रीची शिल्लक बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागतात. दहा हजारांची अट आणि तीस दिवसांचा महिना असेल तर बेरीज तीन लाख व्हायला हवी, म्हणजे एक लाख रुपये तीन रात्री राहिले तरी काम झालं. उलट पंचवीस तारखेपर्यंत खातं रिकामं राहिलं तर उरलेल्या पाच दिवसांत साठ हजार ठेवावे लागतात. बँकेतलं कोणी हे आपणहून सांगत नाही.

मुळात ही अटच नको असेल तर पर्याय आहेत. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच ती काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनीही दंड बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआयने शहरी भागातल्या नव्या खात्यांसाठी अट थेट ५०,००० वर नेली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत १५,००० वर आणली. याशिवाय कुठल्याही बँकेत बेसिक सेव्हिंग्ज खातं मागता येतं. त्याला मिनिमम बॅलन्स नाही, एटीएम कार्ड फुकट. मात्र त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग्ज खातं ठेवता येत नाही.

पण बॅलन्सची अट गेली म्हणून खर्च गेला असं नाही. डेबिट कार्डाची वर्षाची फी आणि एसएमएसचे पैसे बऱ्याच बँकांत असतातच. प्लॅटिनम कार्ड गळ्यात मारतील, साधं रुपे मागा. एटीएमबाबत आपण पुणेकर सुदैवी. मिनिमम बॅलन्सची अट आपल्याला मोठ्या शहराची, पण एटीएमच्या नियमातल्या सहा महानगरांत पुणे नाही. त्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईकराला महिन्याला तीन व्यवहार फुकट, आपल्याला पाच!

जुनं खातं बंद करण्याआधी ईएमआय, एसआयपी, विम्याचे हप्ते नव्या खात्याला जोडा आणि एकदा तिथून कापले गेलेले बघा. हप्ता बाउन्स झाला तर बँकही दंड लावते आणि समोरचाही. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचं खातंही बदला. खातं उघडून वर्ष झालं असेल तर बहुतेक बँका बंद करायचे पैसे घेत नाहीत. उरलेले चेक आणि कार्ड घेऊन शाखेत जा, फॉर्म भरा, पोच घ्या. काउंटरवरचा म्हणेल, "राहू द्या ना सर, कुठे काय लागतंय?" त्याला म्हणावं, हेच लेटरहेडवर लिहून द्या.

शनिवारी जाणार असाल तर दुसरा-चौथा नाही ना, तेवढं बघून निघा.