उधारी सरकारची, तारण भाचीची टीसी

भाचीने इंजिनीअरिंगचं कॉलेज बदललं त्याला वर्ष होत आलं. तरी परवा एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या नात्यातल्या गृहस्थांनी विचारलंच, "झेपलं नाही का तिला तिकडं?"

पहिल्या वर्षी एकही केटी नाही, म्हणजे एकही विषय राहिला नाही, दोन्ही सेममध्ये वर्गात पहिल्या दहांत. मी जिलेबी तोंडात घातली आणि गप्प बसलो. उत्तर लांबलचक होतं आणि मागून भातवाला आला होता. ते उत्तर आता इथे लिहितो.

२०२३ च्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीत, तिला पुण्याच्या बाजूचं एक खासगी कॉलेज मिळालं. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील असे फोन मला नंतर बऱ्याच जणांचे आले. शिक्षण शुल्क ९६ हजार. ती ओबीसीतून, दाजींचं उत्पन्न ८ लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, त्यामुळे त्या वेळच्या नियमाने निम्मं शुल्क शासन भरणार. आमचे ४८ हजार, सरकारचे ४८ हजार. वर विकास शुल्क, अनामत, ओळखपत्र, लायब्ररी, अशी किरकोळ फोडणी. प्रवेशाच्या दिवशी आम्ही आमचा हिस्सा भरला, पेढे वाटले, मुलीला हॉस्टेलवर सोडून आलो.

सरकारच्या या हिश्श्यासाठी, म्हणजे शिष्यवृत्तीसाठी, महाडीबीटी या सरकारी साईटवर अर्ज कसा फिरतो हे ज्यांनी भरलाय त्यांना माहीत आहे. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मुलीने अर्ज भरायचा. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याकडे. मंजुरी मिळाली की पैसे दोन हप्त्यांत. म्हणजे पहिली चाळणी कॉलेजचीच. आमचा अर्ज त्या पहिल्या चाळणीतच साडेतीन महिने बसून होता. भाची दर आठवड्याला खिडकीवर जायची. "सर रजेवर आहेत", "साईट स्लो आहे", "तुमचा लॉट नंतर". मग एके दिवशी अर्ज परत आला. कारण? उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. दाखला स्वच्छ होता, स्कॅन तिरकं होतं. तीन महिन्यांत हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्यांदा अर्ज गेला तो फेब्रुवारीत. त्याच महिन्यात नोटीस लागली: ज्यांची शिष्यवृत्ती 'प्राप्त' नाही त्यांनी उरलेलं शुल्क भरावं, त्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार नाही. पैसे आले की परत देऊ.

या एका वाक्यासाठी मी ही पोस्ट लिहितोय. कॉलेजने सरकारला उधार दिलंय. सरकार मोठं आहे, त्याच्या दारात जाऊन बसता येत नाही. म्हणून त्याची वसुली अठरा वर्षांच्या मुलीकडून. जिने अर्ज वेळेत भरला, जिची एक सही राहिलेली नव्हती, आणि जिचा अर्ज तीन महिने ज्या टेबलावर अडकला ते टेबलही त्याच कॉलेजचं.

ते साल आठवा. पाऊस दगा देऊन गेला होता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दाजींचं सोयाबीन निम्म्यावर आलं आणि जे आलं त्याला हमीभाव ४,६०० असताना बाजारात त्याच्या खालचा भाव. दुष्काळी तालुक्यांना ज्या सवलती मिळाल्या त्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी होती. आमचा तालुका यादीत होता. मी यादीची प्रत काढून कॉलेजात घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसाने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "हे तुमच्याकडच्या कॉलेजांना असेल." मुलगी शिकायला पुण्याकडे आली म्हणून बापाच्या रानातला दुष्काळ संपला, असा काहीतरी हिशेब असावा.

आम्ही २० हजार भरले, बाकी २८ हजारांचं हमीपत्र लिहून दिलं, तेव्हा हॉल तिकीट निघालं. पेपरच्या आदल्या रात्री पोरीने फोन केला. मला वाटलं अभ्यासाचं टेन्शन असेल. तर म्हणाली, "मामा, हॉल तिकीट मिळालं." इतकंच सांगायला.

मे महिन्यात ती घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, मला इकडचं कॉलेज बघा. दाजींना वाटलं कुणी त्रास दिला का, रॅगिंग झालं का. आक्काला वाटलं जेवणाची आबाळ होतेय. तिने वहीच आणून पुढे ठेवली. मेस, हॉस्टेल, येणंजाणं, उरलेले २८ हजार, पुढच्या वर्षी पुन्हा हेच झालं तर लागतील ते. आणि खाली जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजची फी, घरून एसटीने जाण्याचा पास. बेरीज दोनदा केलेली होती. एवढी स्वच्छ वही माझ्या ऑफिसात ऑडिटला कुणी देत नाही.

आता कॉलेज बदलणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी हवी. दोन्ही कॉलेजांची एनओसी हवी. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन, पात्रता आणि दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळतो की नाही याचा दाखला. आमचा दोन विषयांत जुळला नाही. तिने दुसऱ्या वर्षाच्या डोक्यावर पहिल्या वर्षाचे दोन पेपर पुन्हा दिले. तेही झालं. अडलं ते टीसीपाशी, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्यापाशी.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती पालकांनी नीट समजून घ्यावी. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दहावी-बारावीची वगैरे मूळ कागदपत्रं संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत. हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, कॉलेजांनाही. म्हणून ती ते अडवत नाहीत. पण टीसी हे तुम्ही दिलेलं कागदपत्र नाही, ते कॉलेजने तयार करून द्यायचं. ते अडवायची गरजच नसते. ते फक्त 'तयार होत नाही'. ज्यांच्या सहीसाठी फाईल थांबलीय ते मीटिंगला गेलेले असतात. नो ड्यूजच्या, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या, कागदावर लायब्ररी, वर्कशॉप, जिमखाना सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतात आणि अकाउंट्सचा चौकोन रिकामा असतो. तोंडाने कुणीही म्हणत नाही की पैसे द्या मग टीसी देतो. लेखी तर नाहीच.

मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये शाळांच्या बाबतीत म्हटलं होतं की टीसी हे थकबाकी वसुलीचं हत्यार नाही. त्या बातमीचं कात्रण मी खिशात घेऊन फिरत होतो. तमिळनाडूतल्या शाळांचा निकाल, महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या खिडकीवर त्याचा काय उपयोग? काही नाही. तरी खिशात होतं. माणसाला आधार लागतो.

आणि गंमत बघा. ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पन्नासऐवजी शंभर टक्के माफ. चांगला निर्णय आहे, मी मनापासून सांगतो. नात्यातल्या ग्रुपवर सगळ्यांनी आम्हाला अभिनंदनाचे मेसेज टाकले. त्या दिवशी आमची मुलगी मोफत शिक्षणाला पात्र होती आणि २८ हजारांसाठी तिची टीसी अडलेली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

शेवटी मी पतसंस्थेतून उचल घेतली आणि २८ हजार भरले. अकाउंट्सच्या चौकोनात सही झाली. टीसी चाळीस मिनिटांत मिळाली. मीटिंग संपली असावी.

कॉलेजची बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. तिथले एक प्राध्यापक, भले माणूस, मला बाहेर चहाच्या टपरीवर म्हणाले, "आमचा दोन महिन्यांचा पगार थकलाय, संस्था म्हणते शिष्यवृत्तीचे पैसे आले की देऊ." मला ते खोटं वाटलं नाही. ज्या कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलं शिष्यवृत्तीवर आहेत त्यांचं अंदाजपत्रकच सरकारी हप्त्यावर टांगलेलं असतं. पण मग त्यांनी संघटना करून सरकारशी भांडावं. बँकेकडून उचल घ्यावी. संस्थेला बँक दारात उभं करते, दाजींना करत नाही. उशिराचं ओझं कुणाच्या तरी डोक्यावर पडणारच असेल तर ते सगळ्यात बारक्या डोक्यावर का?

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. मुलांचे क्रेडिट एका खात्यात जमा होतात आणि संस्था बदलली तरी मुलाबरोबर जातात, अशी कल्पना. म्हणजे मार्कांना चालता येतं. पैशाला येत नाही. नव्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करायला गेलो तर तिच्या लॉगिनला जुन्याच कॉलेजचं नाव. जुन्या कॉलेजने तिकडून मोकळं केल्याशिवाय नव्याला हात लावता येईना. पुन्हा तीच खिडकी, तोच माणूस. आधार एक, मुलगी एक, बँक खातं एक. मग शिष्यवृत्ती मुलीची की इमारतीची?

बँक खात्यावरून आठवलं, हे मात्र नक्की तपासा: जे पैसे थेट विद्यार्थ्याला मिळायचे असतात ते आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्यात नाही. आमच्या शेजारच्या मुलाचे पैसे नववीत शाळेच्या शिबिरात उघडलेल्या खात्यात पडून होते आणि घरचे वर्षभर सरकारला शिव्या घालत होते.

आणि कॉलेज बदलायचंच असेल तर आधी नव्या कॉलेजला लेखी विचारा की हा प्रवेश कोणत्या प्रकारात धराल, आणि सवलत पुढे चालू राहील का. व्यवस्थापन कोट्याला फीमाफी नाही, हे विसरू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षाचं कॅपचं अलॉटमेंट लेटर जपून ठेवलेलं होतं. आक्काने ते गहूच्या डब्याखाली, सातबाऱ्याबरोबर ठेवलं होतं. त्यावर निभावलं.

आता त्या पंगतीतल्या प्रश्नाकडे येतो. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्यांना कुणी झेपलं नाही म्हणत नाही. माझी भाची म्हणजे बाबासाहेब नव्हे, तसली तुलना मला करायचीही नाही. उलट मला भीती वाटते ती याचीच, की अशी उदाहरणं देऊन आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की होतं सगळं. शंभर वर्षांपूर्वी एका असामान्य माणसाने जे सोसलं, ते आज दुसऱ्या वर्षाच्या साध्या, हुशार, थोड्या भित्र्या मुलीने का सोसायचं? तिला जिद्द दाखवायची नव्हती. तिला थर्मोडायनॅमिक्स शिकायचं होतं.

बऱ्याच मुली कॉलेज बदलत नाहीत, थेट सोडतात. त्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. लग्नाच्या पत्रिकेवर 'बी.ई. (शिक्षण चालू)' एवढंच दिसतं.

ती आता बरी आहे. पहाटे सहाची एसटी पकडते, प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी रात्री साडेआठला घरी. नव्या कॉलेजची लॅब जुन्यासारखी नाही, हे ती कबूल करते. जुन्या मैत्रिणींच्या प्रोजेक्टचे फोटो बघते तेव्हा गप्प असते. त्याबद्दल मी काही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात जुन्या कॉलेजातून फोन आला. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती, शासनाचे ते ४८ हजार, कॉलेजकडे जमा झालेत. आमच्याकडून पूर्ण ९६ हजार घेतलेले असल्याने परत मिळतील. आम्ही कागद विचारले. रद्द केलेला चेक, पासबुकची झेरॉक्स, फीच्या तिन्ही पावत्या, आणि चालू वर्षाचं बोनाफाईड, म्हणजे मुलगी कॉलेजात शिकत असल्याचा दाखला.

"कुठल्या कॉलेजचं बोनाफाईड?"

"आपल्या."

"अहो, ती आता तुमच्याकडे नाही. टीसी तुम्हीच दिलीय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं, मग तसा अर्ज द्या. साध्या कागदावर."

भाचीने लिहून ठेवलाय. प्रति, मा. प्राचार्य. विषय: मी आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी नसल्याबाबत. मंगळवारी रजा टाकून घेऊन जातोय.