‘घाबरवता’ या शब्दाबद्दल

नमस्कार. लोगो छापायला देताना कुठली फाइल द्यावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपलं म्हणणं असं: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जेपीजीवरून आपला वीस फुटी फ्लेक्स झकास छापून आला, सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) सगळ्यांकडे उघडत नाही म्हणून मी पीडीएफ सुचवायला हवी होती, कार्डाचा माझा आकडा चुकलाय, आणि शेवटी: ‘३०० डीपीआयचा बाऊ करून तुम्ही लोकांना घाबरवता, डिझायनरांची दुकानं चालावीत म्हणून.’

आकडा चुकला होता, मान्य. ३०० डीपीआय म्हणजे इंचाला ३०० ठिपके; त्या हिशेबानं साडेतीन बाय दोन इंची कार्डाला १०५० बाय ६०० पिक्सेल लागतात, मी १५०० लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘घाबरवता’? मी कुणाची दुकानं चालवतोय? २००६ मध्ये मी एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या कामाला होतो. एका औषध एजन्सीचं लेटरहेड आलं. लोगो त्यांच्या वेबसाइटवरून उचललेला, १८० पिक्सेल रुंद. छापायचा दीड इंच, म्हणजे ४५० पिक्सेल हवे होते. मी फोटोशॉपमध्ये डीपीआयचा ७२ चा आकडा ३०० केला आणि काम झालं असं समजलो. आकडा बदलला, तपशील कुठून येणार? सॉफ्टवेअरनं मधले पिक्सेल अंदाजानं भरले. चार हजार लेटरहेड छापून आली, लोगोतली अक्षरं वितळल्यासारखी. सगळा कागद रद्दीत गेला आणि पैसे माझ्या पगारातून कापले. तेव्हा मला कुणीतरी असं ‘घाबरवलं’ असतं तर फार बरं झालं असतं. दुसऱ्या कुणाचा पगार कापला जाऊ नये म्हणून रात्री जागून लिहितो, आणि तुम्ही एका ओळीत माझ्या हेतूवर येता!

तुमच्या फ्लेक्सचं म्हणाल तर तो रस्त्यापलीकडून बघतात, कार्ड वीतभर अंतरावरून. मोठ्या फ्लेक्सला ७२ ते १०० डीपीआय पुरतात हे लेखातच आहे, तिसऱ्या परिच्छेदात. वाचायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं. आणि जेपीजी फोटोसाठी बनलेली. सपाट रंगावरच्या अक्षरांच्या कडेला ती बारीक घाण सोडते, आणि दर वेळी नव्यानं सेव्ह केली की आणखी. पीएनजीच्या कडा स्वच्छ राहतात, पण तिच्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची रंगपद्धत नाही, म्हणून पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंद उतरतो. वेक्टर फाइलमध्ये (सीडीआर त्यातलीच) आकार रेषांच्या गणितानं साठवतात, पिक्सेलच नाहीत, तोच लोगो पेनावरही जातो आणि फ्लेक्सवरही. यात घाबरवण्यासारखं काय आहे?

पीडीएफचा मुद्दा किरकोळ आहे. पीडीएफमध्ये वेक्टरऐवजी जेपीजीच चिकटवलेली असते, अशा फाइली रोज बघतो.

तुमच्याकडे ती व्हॉट्सअ‍ॅपची जेपीजी अजून असेलच. तिच्यावरून स्वतःची शंभर कार्डं छापून घ्या, दुकानाच्या नावाच्या कडा भिंगाखाली बघा, आणि मग मला लिहा.