तीनशे अक्षरांत नेतृत्व

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सोलापूरच्या माणसापुढे एकच उद्दिष्ट असतं: हुरडा. आम्हीही मित्राच्या शेतात गोवऱ्यांच्या आराभोवती बसलो होतो. तळहातावर कणीस चोळून गरम दाणे तोंडात टाकणार, शेंगाचटणीकडे दुसरा हात गेलेला, तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. कंपनीचा मेल. ‘आगामी वर्षासाठी आपली नेतृत्वविकासाची उद्दिष्टे सोमवारी सायंकाळपर्यंत भरावीत. किमान 3. प्रत्येकी कमाल 300 अक्षरे.’

हुरडा गार झाला तर तो कोंबड्यांना घालतात. त्या दिवशी माझा तसाच गेला.

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहे. अठरा वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यावर दोन वर्षांपूर्वी मला विभागाचा इनचार्ज केलं. त्यानं आयुष्यात दोनच फरक पडले: चाकांची खुर्ची मिळाली आणि वर्षातून एकदा हा फॉर्म. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे. मला अप्रेझलमध्ये मानांकन मिळालं ते पाचपैकी तीन. शेरा होता: ‘नेतृत्वगुणांना वाव आहे.’ वाव म्हणजे रिकामी जागा, हे मला घरी आल्यावर बायकोनं समजावून सांगितलं.

रात्री फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘सर्वांना बरोबर घेऊन जाणे.’ मुलगी बीबीएला आहे. मागून डोकावून म्हणाली, “पप्पा, कुठं घेऊन जाणार? अक्कलकोटला?” मग तिनं माझी शिकवणी घेतली. उद्दिष्ट ‘स्मार्ट’ पाहिजे. ही आद्याक्षरं जॉर्ज डोरन नावाच्या माणसानं 1981 साली एका लेखात मांडली. एस म्हणजे नेमकं, एम म्हणजे मोजता येणारं, आर म्हणजे आवाक्यातलं, टी म्हणजे मुदतीचं.

“आणि ए?”

“आता सगळे अचीव्हेबल म्हणतात, साध्य होण्याजोगं. पण डोरननं लिहिलं होतं असाइनेबल. म्हणजे काम कोणाकडं सोपवायचं ते.”

कोणाच्या गळ्यात मारायचं ते! मला हा डोरन एकदम आमच्या मिलमधला माणूस वाटला. पुण्याहून ऑनलाइन ट्रेनिंग देणाऱ्या त्या टायवाल्यानं नेमकी हीच गोष्ट आमच्यापासून दडवली होती.

पुढं काही सुचण्याआधी नळाला पाणी आलं. आमच्या गल्लीत ते तीन-चार दिवसांआड येतं आणि कधी येईल ते त्याचं त्याला ठाऊक. बायकोनं स्वयंपाकघरातून आवाज न चढवता हुकूम सोडले. मोटर मुलीकडं, पाइप माझ्याकडं, टाकी भरल्याची हाक वरच्या काकूंकडं. पाऊण तासात टाकी, दोन पिंपं, कळशा, झाडून सगळी पातेली आणि एक आइसक्रीमचा डबा भरला. नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं आणि पुरेपूर असाइनेबल. तिला विचारलं, “तुझी यंदाची उद्दिष्टं काय?” ती म्हणाली, “अहो, पाइप तेवढा सरळ धरा.”

सोमवारी सकाळी मागांपाशी गेलो. आमचे जॉबर, म्हणजे मागांचे मुकादम, अण्णा. विभाग मी चालवतो असं कागदावर आहे. माग अण्णा चालवतात. नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईला आज कुठल्या कामावर बसवायचं, कोणता पोरगा उचल मागायला येणार, कोणत्या मागाचा आवाज उद्या बिघडणार, हे त्यांना आज कळतं. विणकरांशी तेलुगूत, हेल्परांशी कानडीत आणि माझ्याशी दयाबुद्धीनं मराठीत बोलतात.

“साहेब, बीम संपल्यागत तोंड का केलंय?”

फॉर्मचं सांगितलं. दुसरं उद्दिष्ट म्हणून मी ‘विभागात कडक शिस्त आणणे’ असं योजलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत, मला मागापाशी घेऊन गेले. टेरी टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) लागतात. एक ताठ, एक सैल. तीन बाणे, म्हणजे आडवे धागे, आत गेले की फणी ते एकदम पुढं ठोकते आणि सैल ताण्याचे फंदे उभे राहतात. अंगावरचं पाणी पितात ते हेच फंदे. अठरा वर्षं मी हे बघतोय.

“दोन्ही बीम ताठ केल्यावर काय होतंय साहेब?”

“काय?”

“फडकं होतंय. एक्स्पोर्टला चालत नाही.”

शिस्त खोडली. त्या जागी ‘ताणाचे योग्य नियोजन’ लिहिलं. मॅनेजमेंटला ते मानसिक ताणाबद्दल वाटेल आणि आवडेल. पहिल्यात ‘संवादासाठी तेलुगूची 100 वाक्ये शिकणे’ टाकलं. त्यातली चार येतात. दोन मुलीसमोर म्हणता येत नाहीत.

तिसरं सुचेना. संध्याकाळचे पाच वाजले. इतक्यात अण्णा रजेचा अर्ज घेऊन आले. गड्ड्याच्या जत्रेचे चार दिवस. बाकी वर्षभर हा माणूस तापातही येतो, पण संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे यात्रा. 68 लिंगांचा तैलाभिषेक, सातही नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, यातलं काही म्हणता काही चुकवायचं नाही. गेल्या वर्षी त्या चार दिवसांत माझे सहा माग बंद पडले होते आणि मी सातव्याला हात लावू नये म्हणून हेल्पर त्याच्यापुढं आडवा उभा राहिला होता.

अर्जावर सही केली आणि बोटं आपोआप चालू लागली. ‘जानेवारीतील 4 दिवस विभाग जॉबरच्या मदतीशिवाय चालवणे, बंद मागांची संख्या 6 वरून 2 वर आणणे.’ नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं. तीनशे अक्षरांतली निम्म्याहून जास्त शिल्लक राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आपण नेता आहोत असं वाटलं. सहाला दोन मिनिटं कमी असताना फॉर्म पाठवून दिला.

पोच आली. चहा पिता पिता वाचली. तिसऱ्या उद्दिष्टाखाली ‘जबाबदार व्यक्ती’ असा एक रकाना होता. घाईत, सवयीनं, तिथं मी अण्णांचं नाव टाकलं होतं.