सेटअपनंतरही टॅपिंगला तारा घोंगावतात, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं असं, की सेटअपचे (तारांची उंची वगैरे जुळवून देण्याचे) १८०० रुपये भरले, बेस गिटार हातात मिळाला तेव्हा नटजवळ (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीजवळ) केसांचं रबर गुंडाळलेलं होतं, घरी जाऊन ते काढून टाकलं आणि टॅपिंग (तार न छेडता बोटांनी मानेवर ठोकून सूर काढणं) करून पाहिलं, तर "एक सूर वाजवला की मागे बाकीच्या तारा घोंगावत राहतात". शेवटी तुम्ही लिहिलंय, "हा सेटअप नाही, झाकपाक आहे." दुसऱ्या एका ठिकाणी तुम्हाला पिकअप (तारांचा कंप पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग) बदलायला सांगितलंय, तेही वाचलं.

आधी आमची चूक. ते रबर कशासाठी आहे, हे तुम्हाला कोणीही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या वाद्याला एखादी वस्तू लावून द्यायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे बरोबर नाही. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो, पण दुकान माझं आहे, म्हणून माफी मीच मागतो. याहून मोठी चूक दुसरीच आहे, आणि ती मला तुमचा अभिप्राय वाचल्यावर कळली. तुमचा बेस आम्ही तपासला तो नेहमीच्या पद्धतीने, उजव्या हाताच्या दोन बोटांनी छेडून. अशा वादनात अंगठा पिकअपवर किंवा ई या सगळ्यात जाड तारेवर टेकलेला असतो आणि डावा हात फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) पसरलेला असतो. म्हणजे मोकळ्या तारांवर सतत कुणाचा ना कुणाचा हात असतो. वाजवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, इतकी ती सवय अंगात मुरलेली असते. टॅपिंगला दोन्ही हात फ्रेटबोर्डवर जातात आणि राखण उठते. तुम्ही काय वाजवता हे आम्ही विचारलंच नाही, त्यामुळे जो आवाज तुम्हाला घरी पहिल्या मिनिटाला ऐकू आला, तो आम्हाला दुकानात ऐकूच आला नाही.

आज सकाळी दुकानातला तसाच, चार तारांचा आणि दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा बेस घेऊन बसलो. तुम्हीही घरी हे करून पाहा. रबर न लावता डी तारेवर चौदाव्या फ्रेटला टॅप करा, दोन सेकंद धरा, आणि मग दुसऱ्या हाताच्या बोटाने फक्त डीची तार थांबवा. आवाज पूर्ण बंद व्हायला हवा, पण मागे एक बारीक गुंजन उरतं. आता ई तारेवर अलगद बोट ठेवा, ते कमी होईल. ए तारेवर ठेवा, नाहीसं होईल. डीच्या चौदाव्या फ्रेटला जो सूर निघतो तो साधारण १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपांचा. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची, तिची चौपट काढा. मोकळी ए ५५ हर्ट्झची, तिची तिप्पट काढा. दोन्हीकडे उत्तर तेच येतं. तुम्ही वाजवलेला सूर या दोन्ही तारांच्या पोटात आधीपासून होताच. मानेतून आणि ब्रिजमधून (तारांचं दुसरं टोक जिथे टेकतं तिथून) कंप पोचला की त्या न छेडता बोलू लागतात.

माझं लहानपण मिरजेत गेलं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. सतारीला मुख्य तारांखाली तरफेच्या अकरा-तेरा तारा असतात त्या नेमक्या याचसाठी, की वर सूर लागला की खाली त्यांनी आपणहून गुंजावं. तिथले कारागीर त्या गुंजनासाठी दिवस दिवस घालवतात. तुमच्या बेसमध्ये तोच गुण नको तिथे उभा राहतो. म्हणून मी याला वाद्यातला दोष म्हणणार नाही, आणि कोणी सेटअप करून हे घालवतो म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सेटअपने काय होतं तेही सांगतो. तुमची ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, आम्ही बाराव्या फ्रेटला ई तारेवर २ मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक जी तारेवर १.६ मिलिमीटर ठेवली आहे. तार फ्रेटजवळ असली की टॅप हलक्या हाताने लागतो, आणि टॅप हलका तर फ्रेटवर तार आपटल्याचा टकटकाटही कमी. याहून खाली गेलो असतो तर जोरात वाजवताना तार फ्रेटवर घासून खरखरली असती. ते काम नीट झालेलं आहे, त्याचे पैसे मी परत करणार नाही. रबराचे पैसे आम्ही घेतले नव्हते, बिलात पाहून घ्या.

आता त्या रबराविषयी, कारण तुमचा राग मुख्यतः त्याच्यावर आहे. टॅप केल्यावर तार दोन तुकड्यांत वाजते. एक तुकडा फ्रेटपासून ब्रिजपर्यंत, जो तुम्हाला हवा आहे. दुसरा बोटाच्या मागे नटपर्यंत, जो नको आहे. बाराव्या फ्रेटला तर दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे असतात. शिवाय बोट उचललं की अख्खी मोकळी तार वाजायला टपलेलीच असते. पहिल्या फ्रेटजवळ मऊ कापडी रबर असलं तर मागचा तुकडा आणि मोकळ्या तारा गप्प होतात, आणि तुमच्या सुराला धक्काही लागत नाही, कारण रबर बोटाच्या पलीकडे आहे. हेच रबर ब्रिजपाशी लावलं असतं तर खुद्द तुमचाच सूर मारला गेला असता. १९६० साली आलेल्या फेंडरच्या जॅझ बेसला सुरुवातीला ब्रिजजवळ प्रत्येक तारेसाठी वेगळा म्यूट (तार दबवणारा तुकडा) होता, तो बुटका, ठक्क असा आवाज मिळावा म्हणून. ते वेगळं काम. एमेट चॅपमन यांनी निव्वळ टॅपिंगसाठी घडवलेल्या चॅपमन स्टिक या वाद्याला मात्र नटच्या बाजूलाच डॅम्पर असतो. नुसत्या टॅपिंगसाठीच बनलेल्या वाद्यालाही ज्याची गरज लागते, त्याला मी झाकपाक कसं म्हणू?

मात्र बारीक, गोल रबर लावू नका, त्यातून काही हार्मोनिक (तारेतले वरचे बारीक उपसूर) निसटतात. जाड कापडी घ्या, तारांना नुसतं टेकेल इतपतच घट्ट. आवळलं तर सूर चढा होतो. गाण्यात मोकळी तार लागत असेल तेव्हा ते नटवरून पलीकडे हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या टोकाकडे) सरकवा.

उरलेलं काम हातांचं आहे आणि ते वेळ खातं. डाव्या हाताने टॅप करताना त्या बोटाचं टोक शेजारच्या जाड तारेला किंचित शिवू द्या आणि बोटाची खालची बाजू बारीक तारांवर आडवी पडू द्या. उजवा अंगठा मानेच्या वरच्या कडेला टेकवत असाल तर त्याची कड ईवर येऊ द्या. सूर संपवताना बोट झटकन उचलू नका. दाब सोडा, तार फ्रेटवरून सुटेल पण बोट तारेवरच राहील, सूर थांबेल, मग उचला. या एका गोष्टीवर आठवडाभर रोज दहा मिनिटं द्या, अगदी सावकाश, ॲम्पचा आवाज मुद्दाम वाढवून. नेम फ्रेटच्या अगदी मागे धरा. दोन फ्रेटच्या मधोमध टॅप केलं की जोर जास्त लागतो आणि गोंगाटही.

तुम्ही कॉम्प्रेसर पेडल वापरता असंही लिहिलंय. तो मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, त्यामुळे जे गुंजन आमच्या ॲम्पवर जेमतेम ऐकू येतं ते तुमच्याकडे ठळक होतं. नॉइज गेट (हलका आवाज आपोआप बंद करणारं पेडल) घेऊन फारसा फायदा नाही. सूर चालू असताना गेट उघडंच असतं आणि गुंजन त्याच्याबरोबर आत शिरतं.

पिकअप मात्र बदलू नका, निदान एक गोष्ट तपासल्याशिवाय. चारही तारांखाली मानेवर कापड खोचा आणि ॲम्प चालू ठेवा. आवाज गेला तर तो तारांचा होता. राहिला तर इलेक्ट्रिकचा. हे कापडानेच करा, हाताने नको. तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात, हात लागला की इलेक्ट्रिकची घरघरही कमी होते आणि माणूस फसतो. घरघर निघालीच तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तुमच्या प्रकारच्या बेसमध्ये ती बहुतेक तिथेच मरते. तेवढ्यासाठी हजारो रुपये घालवू नका.

आजपासून सेटअपच्या फॉर्मवर आम्ही एक ओळ वाढवली आहे: बोटांनी, पिकने, स्लॅप की टॅपिंग. टॅपिंग लिहिलेला बेस आम्ही टॅप करूनच देणार.

तुमच्यासाठी शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा मी स्वतः मोकळा आहे, पैसे लागणार नाहीत. नटच्या खाचा पुन्हा एकदा बघतो, कारण एखादी खाच सैल असेल तर मोकळी तार तिथे झणझणते, आणि ते निघालं तर आमचं काम अपुरं राहिलं असं मी इथेच लिहीन. येताना कॉम्प्रेसर आणि त्याची केबल घेऊन या. तुम्ही ज्या आवाजात वाजवता त्याच आवाजात मला तो बेस ऐकायचा आहे.