जीआर काढणाऱ्याला पालकानं गाठायचं कुठं?

२०२३ ची गोष्ट. शनिवारचा भाजीबाजार, श्टुटगार्टपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव, आणि चर्चच्या पायऱ्यांपाशी एक बाई पॅड आणि पेन घेऊन उभी. म्हणाली, जिम्नॅशियमचा, म्हणजे पाचवीपासून विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणाऱ्या शाळेचा, अभ्यास पोरांना आठ वर्षांत कोंबून देतायत, पूर्वीसारखी नऊ वर्षं करून पाहिजेत, सही करा. मी पेन घेतलं पण, आणि मग तिनं विचारलं, जर्मन पासपोर्ट आहे ना? नव्हता. पेन परत दिलं, मुलीचा हात धरला आणि बटाटे घ्यायला पुढं गेले. अशा लाखाच्या वर सह्या जमल्या, राज्याच्या विधिमंडळाला विषय घ्यावाच लागला, आणि २०२५-२६ पासून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात पाचवी-सहावीच्या पोरांपासून नऊ वर्षांचं जिम्नॅशियम परत आलं. माझी मुलगी त्याच वर्षी पाचवीत गेली. ज्या कागदावर मला सही करता आली नाही त्याचा फायदा तिला मिळतोय.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. २०२५ च्या एप्रिल ते जुलैत तिथं दुसरा विषयच नव्हता. १६ एप्रिलला महाराष्ट्र सरकारनं जीआर काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची, मग ओरड झाली, मग १७ जूनला सुधारित जीआर, त्यात सक्तीच्या जागी "सर्वसाधारणपणे" हा शब्द आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस पोरं पाहिजेत अशी अट, म्हणजे लहान शाळेत हिंदी सक्तीचीच झाली की, आणि मग अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, दोन्ही जीआर रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. ग्रुपवर अर्धे म्हणायचे हे दिल्लीनं लादलंय, नव्या शैक्षणिक धोरणातून आलंय. बाकीचे म्हणायचे धोरण नीट वाचा, २०२० च्या धोरणात तीन भाषा आहेत पण कुठलीच एक भाषा कोणत्या राज्यावर लादणार नाही असं लिहिलेलं आहे, हिंदी घातली ती मुंबईनं. दुसरे बरोबर होते असं मला वाटतं. आणि तेच मला जास्त लागलं, कारण केंद्र की राज्य या भांडणात आपण इतके गुंततो की राज्यानं चूक केली तरी ती दिल्लीच्या नावावर जाते आणि मुंबईला कोणी जाब विचारत नाही.

मी हिंदीच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. मी नवोदयची, केंद्र सरकारच्या निवासी शाळेची. गाव डोंगराकडचं, वडील सालगडी, पाचवीला गुरुजींनी फॉर्म भरून घेतला म्हणून परीक्षा दिली आणि निवड झाली. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, अंथरूण-पांघरूण, सगळं फुकट. नववीला आमच्या वर्गातली काही पोरं वर्षभरासाठी हिंदी राज्यातल्या नवोदयला जायची आणि तिकडची आमच्याकडं यायची, त्यात माझा नंबर लागला. पहिले दोन महिने रात्री रडले, नंतर मेसच्या मावशींशी हिंदीत भांडण्याइतकी हिंदी आली, आजही ती पोरगी माझ्या फोनमध्ये आहे जिच्याबरोबर मी दुमजली पलंग वाटून घेतला होता. नवोदय हे दिल्लीच्याच शिक्षण मंत्रालयाचं, तेव्हाच्या मनुष्यबळ विकास खात्याचं काम. देशातल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. दिल्ली नसती तर मी कुठल्या शेतात असते ते मला माहितेय, त्यामुळं दिल्लीनं शिक्षणातून हात काढून घ्यावा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मी हिंदी शिकले ती चौदाव्या वर्षी, स्वतःची भाषा पक्की झाल्यावर आणि बोलायला समोर जिवंत माणूस असताना. सहा वर्षांचं पोरगं, ज्याच्या घरी कोरकू किंवा गोरमाटी बोलतात आणि शाळेतली मराठीच ज्याला नवीन, त्याच्यापुढं तिसरं पुस्तक ठेवणं वेगळं.

शिक्षण आधी राज्यांकडंच होतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, आणीबाणीत, ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे दोघांनीही कायदे करायचे आणि भांडण झालं तर बहुतेक वेळा केंद्राचं चालायचं. त्यातून चांगलंही झालं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा जम्मू-काश्मीर सोडून देशभर लागू झाला तो त्यामुळंच. आणि वाईटही. तमिळनाडूनं पीएम श्री या केंद्राच्या शाळा-योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून केंद्रानं समग्र शिक्षा या शालेय निधीचे २०२४-२५ चे दोन हजार एकशे बावन्न कोटी अडवून ठेवले, त्या पैशातून शिक्षकांचे पगार होतात, शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांची भरपाई होते, धोरणावर मतभेद आहेत म्हणून पोरांच्या तोंडचा घास धरून ठेवायचा हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

इथं जर्मनीत शाळांवर हुकूम चालवणारं देशाचं मंत्रालय नाहीच. १९३४ मध्ये हिटलरच्या राजवटीनं पहिल्यांदा सगळ्या देशाचं एक शिक्षण मंत्रालय केलं आणि त्याचं काय झालं हे पाहिल्यावर १९४९ च्या घटनेनं शाळा राज्यांकडं ठेवल्या. सोळा राज्यं, सोळा शिक्षणमंत्री, त्यांची एक परिषद असते तिथं बसून ते एकमेकांच्या परीक्षा मान्य करायचं ठरवतात. बर्लिनच्या सरकारला शाळांना कॉम्प्युटर घ्यायला पाच अब्ज युरो द्यायचे होते तर २०१९ ला आधी घटना बदलावी लागली. ऐकायला बरं वाटतं, पण आपल्या ग्रुपवर "बघा जर्मनीत कसं राज्यांकडंच आहे" असं कोणी टाकलं की मला थांबवावं लागतं.

कारण इथं सगळं छान आहे असं अजिबात नाही. बहुतेक राज्यांत चौथीतच पोरांची वाटणी होते, कोण जिम्नॅशियमला जाणार आणि कोण दुसऱ्या शाळेत, आणि ज्यांचे आईबाप परदेशातून आलेत किंवा कमी शिकलेत त्यांची पोरं मागं राहतात हे पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचण्यांनी २००१ पासून दाखवलंय आणि तरी फार बदललं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या राज्यानं चौथीच्या पोरांची एक नवीन चाचणी घेतली, कोम्पास फिअर नावाची, गणिताचा पेपर इतका अवघड काढला की शंभरात जेमतेम सहा पोरं जिम्नॅशियमच्या पातळीला पोचली. माझी मुलगी घरी येऊन दप्तर न काढता बाथरूममध्ये जाऊन बसली. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात बाहेर आलं की राज्याच्या एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळं शिक्षकांच्या १४४० जागा वीस वर्षं भरलेल्या म्हणून दिसत होत्या, प्रत्यक्षात तिथं कोणीच नव्हतं. शिक्षक नाहीत म्हणून तास रद्द झाल्याचे मेसेज आम्हाला आठवड्याला येतात, आणि तिकडं कागदावर खुर्च्या भरलेल्या.

तर मग फरक कुठं आहे? माझ्या मते पालकसभेत. त्या चाचणीनंतर आमच्या वर्गाची पालकसभा झाली. संध्याकाळी साडेसातला, वर्गातच, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून आम्ही वीस-बावीस जण बसलेलो. बाईंनी मंत्रालयाचं पत्र वाचून दाखवलं. एका ट्रक ड्रायव्हर बापानं विचारलं, या निकालाला किती वजन आहे, स्पष्ट सांगा. बाईंनी फळ्यावर तीन गोल काढले, पालकांची इच्छा, शिक्षकांचं मत, चाचणी, तिन्हीतले दोन जुळले पाहिजेत, नाहीतर अजून एक परीक्षा. मग वर्गाच्या निवडून दिलेल्या पालक प्रतिनिधीनं तिथंच आक्षेपाचं पत्र लिहायला घेतलं, मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये एक वाक्य सांगितलं, त्यांनी ते घातलं. तिथं पासपोर्ट कोणी विचारला नाही. पत्रानं जग बदललं नाही, पण पेपर अवघड होता हे मंत्रालयाला कबूल करावं लागलं, आणि पत्र कोणाकडं जाणार, त्या माणसाचं ऑफिस कोणत्या रस्त्यावर आहे हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

आता आकडे बघा. बाडेन-व्युर्टेम्बर्गची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी, अख्ख्या जर्मनीपेक्षा जास्त. म्हणजे शिक्षण दिल्लीकडून काढून मुंबईला दिलं तर आपण ते श्टुटगार्टला नाही, बर्लिनला दिल्यासारखं होतं. आमच्या डोंगराकडच्या गावातनं मंत्रालय गाठायचं तर रात्रीची गाडी, सकाळी पासच्या रांगेत उभं राहायचं आणि साहेब मीटिंगमध्ये. दिल्ली लांब आहे हे खरंच, पण मुंबई जवळ आहे असं मराठवाड्यातल्या कुणाला वाटतं?

माझी वहिनी झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. तिचा दिवस ऐका. यूडायस या केंद्राच्या पोर्टलवरची माहिती दिल्लीसाठी, सरल या राज्याच्या पोर्टलवरची माहिती पुण्या-मुंबईसाठी, पोषण आहाराचा आकडा रोज ॲपवर, अपार आयडी या विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकासाठी आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नाही म्हणून पालकांना तालुक्याला पाठवायचं, त्यांचा रोज बुडतो ते वेगळंच. दिल्लीला आकडा पाहिजे, मुंबईला आकडा पाहिजे, दोघांनाही आजच पाहिजे. आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, जीआरनं तिच्यासारख्या कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवार आली, पट घसरला की शिक्षक जाणार, शिक्षक गेला की पोरं जाणार. तो जीआर दिल्लीचा नाही, मुंबईचा आहे. ती मला म्हणाली, "ताई, वरून कोण लिहितं याच्यानं मला काय फरक पडतो, मला पाठवायचा फॉर्म तोच असतो."

उच्च शिक्षणाचं थोडक्यात बोलते, कारण माझा भाचा त्यात होरपळलाय. २०२४ ची नीट, मेडिकलची प्रवेश परीक्षा, त्यानं दिली, निकालात आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी, मग पेपरफुटी, तपास लातूरपर्यंत पोचला, आणि त्याच जूनमध्ये प्राध्यापकीसाठीची यूजीसी-नेट परीक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशी रद्द. देशभर एक परीक्षा असण्याला माझी हरकत नाही, इथंही २०१७ ला देशाच्या घटना न्यायालयानं सांगितलं की वेगवेगळ्या राज्यांच्या बारावीचे मार्क तसेच्या तसे एकमेकांशी तोलून मेडिकलला प्रवेश देणं अन्यायाचं आहे. पण चोवीस लाख पोरांचं भविष्य एका एजन्सीच्या हातात द्यायचं तर त्या एजन्सीला जाब विचारायची जागा पाहिजे, भाच्याला जून-जुलैत फक्त एक हेल्पलाइन नंबर होता. तसंच कुलगुरूंचं. जानेवारी २०२५ ला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नियमांचा मसुदा आणला, कुलगुरूंची निवड समिती कोण नेमणार यावर राज्यं चिडली, बरोबर चिडली, पण भांडण राज्यपाल की मुख्यमंत्री एवढंच राहिलं. इथं पैसा राज्य देतं, पण विद्यापीठाचा प्रमुख विद्यापीठाचं सिनेट आणि कौन्सिल मिळून निवडतात, प्राध्यापकांची त्यात मतं असतात. आपल्याकडं प्राध्यापकांना विचारा असं दोन्ही बाजूंनी कोणी म्हटल्याचं मी तरी फारसं ऐकलं नाही.

आणि गंमत नाही, दुःख आहे, की आपल्याकडं ती बुटकी खुर्ची कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे, त्यात पंच्याहत्तर टक्के आईबाप पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदान कुठं गेलं ते त्यांनी बघायचं. माझ्या माहितीप्रमाणं इथल्या पालकांनासुद्धा कागदावर इतका अधिकार नाही. हिंदीचा जीआर काढायच्या आधी या समित्यांना एक कागद पाठवून विचारता आलं असतं, पहिलीपासून तिसरी भाषा पाहिजे का. संचमान्यतेच्या आधी विचारता आलं असतं. जाधव समितीनं लोकांची मतं मागवली ते चांगलंच केलं, पण ते जीआर मागं घेतल्यावर.

वहिनीला मी फोनवर विचारलं, तुझ्या शाळेची समितीची बैठक कधी झाली. गप्प झाली. म्हणाली, रजिस्टर आहे, महिन्याला सह्या होतात, शिपाई नाही म्हणून मीच घरोघरी घेऊन जाते, बायका चुलीपुढं बसूनच अंगठा देतात. मग जरा वेळानं म्हणाली, दिवाळीनंतर ऊसतोडीला लोक जायच्या आधी एक खरी बैठक लावून बघते, सातला, शेतातनं आल्यावर, चहा मी करते. तू व्हिडिओ कॉलवर ये आणि त्या पाच-सहा बायकांना ते तीन गोल कसे काढले होते ते सांग.