बधिर जबड्याचा युक्तिवाद

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत असताना, माझ्या हेडफोनमधून झिरपणारा कल्लोळ ऐकून शेजारच्या आजोबांनी "हे काय ऐकता?" असे विचारले आणि मी "रॉक" असे सरळ उत्तर दिले. प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. परंतु समोरच्या बाकावर, नुकतीच दाढ काढलेला एक विशीतला तरुण गालात कापसाचा बोळा दाबून बसला होता. त्याने माझ्याकडे बोट रोखले आणि तो म्हणाला, "काका, ते वॉक नाही. मेफल आहे."

"मैफल?" आजोबांचा चेहरा उजळला. "कोणाची?"

"मेफल! हेवी मेफल!" बधिर जबड्यातून त्याला "हेवी मेटल" म्हणायचे होते.

अर्धा तास बोलू नका, असे स्वागतकक्षातल्या बाईंनी त्याला दोनदा बजावले होते. तरीही एका हाताने गाल सावरत आणि दुसऱ्या हाताने हवेत ढोल बडवत त्याने आम्हाला समजावले की, ज्यूडस प्रीस्ट या बँडने सत्तरच्या दशकातच रॉकच्या मुळाशी असलेल्या ब्लूज संगीताचा बराचसा अंश झाडून टाकला, पुढे दुहेरी बेस ड्रमचा मारा आला, आणि ज्याला थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम असे स्वतःचेच इतके पोटप्रकार आहेत, तो दुसऱ्या कोणाचा पोटप्रकार असूच शकत नाही. "तुमच्या पिढीला सगळं वॉकच वाटतं," असेही त्याने जोडले. हे वाक्य मला त्याच्या लाळेच्या तुषारांपेक्षा अधिक झोंबले, कारण ज्या संगीताची तो मला ओळख करून देत होता, ते मी त्याच्या जन्माआधीपासून ऐकत आहे.

उत्तरादाखल मी ब्लॅक सॅबथ या बँडचा दाखला काढला. बर्मिंगहॅमच्या या चौघांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला, आणि त्याआधी ही मंडळी ब्लूजच वाजवत होती. पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल केल्या. तो जड, खोल आवाज पुष्कळसा त्या सैल तारांतून आला. नवा संगीतप्रकार स्थापन करण्याचा ठराव कोणी मांडला नव्हता. मोटरहेड या बँडचा गायक लेमी तर अखेरपर्यंत आपण रॉक अँड रोल वाजवतो, असेच सांगत राहिला.

"लेमीला काय कळतंय!" असे तो तरुण म्हणाला. मी अवाक् झालो. आजोबांनी मात्र "बरोबर आहे" म्हणून मान डोलावली.

त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्याला ठाऊक नव्हता आणि मी तो सांगितला नाही. १९८९ साली ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल यांना एकाच पुरस्कारात कोंबले होते. तो पुरस्कार मेटॅलिका या मेटल बँडला डावलून बासरी वाजवणाऱ्या जेथ्रो टल या रॉक बँडला गेला, आणि पुढच्याच वर्षी दोघांची चूल वेगळी करावी लागली. ही माहिती दडवण्यात अप्रामाणिकपणा होता, हे मान्य आहे. पण ज्याला समोरच्याची आवड जाणून घेण्याआधी त्याचे लेबल दुरुस्त करण्याची घाई असते, त्याला मी दारूगोळा का पुरवावा?

एवढ्यात माझे नाव पुकारले गेले. फांदीला डहाळ्या फुटल्या म्हणून तिचे झाड होत नाही, हे चोख उत्तर मला सुचले ते खुर्चीत आडवे पडल्यावर, तोंडात डॉक्टरांची दोन बोटे आणि एक नळी असताना. मग जमिनीत रुजून खोड झालेल्या वडाच्या पारंबीचे काय, हा प्रश्नही मागोमाग आला. तो मी गिळला.

बाहेर आलो तेव्हा तरुण निघून गेला होता आणि माझ्या गालात बोळा होता. "शेवटी काय ठरलं?" आजोबांनी विचारले.

"वॉक," मी निक्षून सांगितले.

"जरूर करा," आजोबा म्हणाले, "पण आजचा दिवस विश्रांती घ्या."